निर्गुडीला आवतण

निर्गुडीच्या अर्काची बाटली उघडली, की सुपे गावातल्या लॅबमध्ये उभी असलेली धनश्री त्या उग्र वासासरशी अजूनही पारनेरच्या माळावर जाऊन पोहोचते. सहा वर्षं झाली त्याला.

तेव्हा ती नगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यावर पाल्याचा अर्क टाकायचा आणि किती मेले ते बघायचं, एवढंच तिचं जग. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या मुक्ताबाईंचं घर शोधत ती सकाळीच माळावर आली, तर ओढ्याकाठी एक उंच मुलगा पानं तोडत होता.

"अहो, ही निर्गुडीच ना?"

तो गप्प.

"मुक्ताबाईंचं घर कुठंय?"

तो गालातल्या गालात हसला आणि सरळ चालू लागला. काय हा आगाऊपणा! ती तणतणत मागे गेली, तर स्वारी शिरली नेमकी मुक्ताबाईंच्याच घरात. पानं आईच्या सुपात पडली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला.

"रागावू नका मॅडम. झाडाला आदल्या सांजेला अक्षता वाहून आवतन देतो आमी. मग पानं घरी येईस्तवर कुनाशी बोलायचं न्हाई. बोललं की गुन जातो."

"माझ्या जंतूंना काय कळतंय कोण बोललं ते?"

"त्यास्नी नसंल कळत... पन मला आज गप ऱ्हायला लई जड गेलं!"

धनश्री लाजली ती लाजलीच. पुढचे चार महिने तिला दर रविवारी निर्गुडी कमी पडू लागली! मुक्ताबाईंचा हा लेक, आदिनाथ, पानं तोडायचा आणि ती शेजारी चालत अखंड बडबडायची, त्याला बोलतं करायला बघायची. तो ओठ मिटून डोळ्यांनी हसायचा. त्या हसण्यावर तिचा जीव जडला. पण मनातलं तो कधी बोललाच नाही... घरी पोहोचल्यावरसुद्धा.

शेवटच्या रविवारी ती वाटेतच थांबली.

"मला हैदराबादला नोकरी लागलीय. उद्या निघायचं. तुम्हीच सांगा... जाऊ, की राहू?"

आदिनाथने हातातल्या पानांकडे पाहिलं. ऊसतोडीत कोयता लागलेल्या एका बाईच्या पायासाठी ती होती, हे तिलाही ठाऊक होतं. तो गप्पच राहिला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती वळून चालू लागली —

"धनश्री!"

पहिल्यांदाच नावाने हाक.

"जाऊ नका. तुमच्याबिगर करमत न्हाई मला... लई दिसांपासनं सांगायचं हुतं."

दोघं खाली मान घालून घरी आले. मुक्ताबाईंनी लेकाचं तोंड बघूनच ओळखलं.

"बोललास व्हय रं?"

"व्हय. गुन गेला आसंल... दुसरी पानं उद्या आनतो."

"कुनासंगं बोललास?"

त्याने हळूच धनश्रीकडे पाहिलं. मुक्ताबाई दोघांकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी पानं सुपात ओतून घेतली.

"घरच्या मानसासंगं बोललं तर गुन जात न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरी, उभी काय ऱ्हायलीस? चुलीवर आधन ठेव."