कॉफीला कोण कोण येणार?

त्याने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे, आणि असा काही हसला, की जणू तिचीच वाट पाहत होता... बॅगेची!

"या, या. लॅपटॉप आणलात ना? इकडे बसा, इथे प्लग आहे."

मी वाचनालयात फक्त पाणी प्यायला शिरले होते. दुरुस्तीचं दुकान बंद, बाहेर रिपरिप पाऊस आणि खांद्यावर मान टाकलेला लॅपटॉप. पण कुणी खुर्ची पुढे केली की मला नाही म्हणता येत नाही. बसले.

लांब टेबलाभोवती दहाबारा जण, वायरींचं जंजाळ आणि मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मुक्त सॉफ्टवेअर मंडळ, सर्वांना प्रवेश'. टेबलाच्या टोकाला बसलेले गणिताचे निवृत्त सर म्हणाले, "काय करता आपण?"

"कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये."

"वा! कवळीवाली!" झालं माझं बारसं.

"मी लिफ्टवाला," तो लॅपटॉपचे स्क्रू काढत म्हणाला. "आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतो, शनिवारी हे."

"याचे किती होतील?"

"काही नाही. इथलं सगळं फुकट. कुणीतरी सॉफ्टवेअर बनवतं, सगळ्यांना देऊन टाकतं. कुणीही वापरावं, सुधारावं, पुढे द्यावं."

"आणि बनवणाऱ्याला काय मिळतं?"

"काय मिळतं... तुमच्यासारखी माणसं येतात की."

तेव्हा त्याने वर पाहिलं. माझ्याकडे. मी घाईघाईने फळ्याकडे पाहायला लागले, आणि पुढचा तासभर त्याने जे काही समजावलं ते सगळं डोक्यावरून गेलं.

निघताना सरांनी मला मंडळाच्या ग्रुपवर घेतलं आणि बजावलं, "प्रश्न कुणाला एकट्याला विचारायचा नाही हं. ग्रुपवर विचारायचा. म्हणजे उत्तर सगळ्यांच्या उपयोगी पडतं."

लॅपटॉप त्याच दिवशी ठणठणीत झाला. तरी मी पुढच्या शनिवारी गेले. त्याच्या पुढच्याही. ताई म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? लॅपटॉपचं सोड, माणूस कसा आहे ते सांग."

तेच तर कळत नव्हतं! एका शनिवारी त्याने संत्रं सोलून, शिरा काढून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी मनात मांडे खायला सुरुवात करते न करते, तोच त्याने पिशवी उघडली आणि टेबलावरच्या प्रत्येकाला एकेक संत्रं वाटलं. एकदा पावसात बस स्टॉपपर्यंत माझ्यावर छत्री धरून आला, स्वतःचा डावा खांदा चिंब भिजवत... मी घरभर तरंगत होते. पुढच्या आठवड्यात त्याच छत्रीखाली, तसाच खांदा भिजवत, तो सरांना सोडायला गेला.

आता यातून काय समजायचं? हा माणूस माझ्यासाठी करतोय, की फळ्यावर लिहिलंय तसं सर्वांना प्रवेश? कवळीचं बरं असतं. बसली तर बसते, नाही तर टोचते. हे धड बसतही नव्हतं, टोचायचं थांबतही नव्हतं.

"सरळ विचार ना त्याला," ताई वैतागून म्हणाली. "रोज माझं डोकं खाण्यापेक्षा."

म्हणून नियम मोडला. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला लिहिलं – 'शनिवारी मीटिंगनंतर कॉफी घ्यायची का?' पाठवलं आणि फोन उशीखाली कोंबला.

थोड्याच वेळात ग्रुपवर त्याचा मेसेज आला.

'चांगली सूचना आली आहे. शनिवारी मीटिंगनंतर कॉफी. कोण कोण येणार?'

त्या मेसेजखाली उंचावलेल्या हातांच्या इमोजींची रांग. पहिला हात सरांचा.

शनिवारी कॉफीच्या दुकानात तीन टेबलं जोडली. तो एका टोकाला, मी दुसऱ्या, मधे सर, आणि चर्चा कसली तर प्रिंटरची. रडू येतंय की हसू, मलाच कळेना. कप अर्धा टाकून मी उठले आणि बाहेर पडले. कोपऱ्यावर पोचते तोच मागून धावत्या पावलांचा आवाज.

"काय झालं? कॉफी आवडली नाही?"

"कॉफी छान होती. तुम्हाला कळतं का हो काही?"

"लिफ्टमधलं कळतं थोडंफार..."

"मी तुम्हाला एकट्याला विचारलं होतं!"

"हो, पण प्रश्न तर ग्रुपवर..." तो बोलता बोलता थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे ते... फक्त मला होतं?"

"फक्त तुला." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "मला तू आवडतोस. आणि तुझं मला काही म्हणजे काही कळत नाही. मला संत्रं देतोस, मग सगळ्यांना देतोस!"

तो खाली बघत म्हणाला, "आमचं ठरलंय, नवीन येणाऱ्या मुलींना त्रास द्यायचा नाही. मागे एकीला कुणीतरी सारखे मेसेज केले, तिने येणंच बंद केलं. मला वाटलं, मी काही बोललो आणि तूही नाही आलीस तर... मग तुला एकटीला संत्रं देऊ कसं? म्हणून डझनभर आणायचो."

"आणि छत्री?"

"तुला सोडलं, मग कुणाला संशय नको म्हणून सरांनाही." तो कसनुसा हसला. "दोन दिवस ताप होता मला. पण मेसेज मात्र... तू असं काही मला विचारशील, हे डोक्यातच आलं नाही गं."

दिवसभर लोकांचे दात घासून-तासून बसवणारी मी, आणि हसून हसून माझेच दात ओठांआड जाईनात.

त्याचा फोन वाजला. ग्रुपवर सरांनी विचारलं होतं, 'लिफ्टवाला आणि कवळीवाली कुठे गेले? कुणाला माहीत आहे का?'

सवयीने त्याचा अंगठा उत्तर लिहायला गेला. मी बघत राहिले. अंगठा तसाच अधांतरी... मग त्याने फोन बंद केला, खिशात टाकला आणि माझा हात धरला.

"विचारू देत," तो म्हणाला.