राईखालचा डोंगर

सुपातली नाचणी पाखडता पाखडता अनुसयाबाईंनी सुनेला हटकलं, "झालं का तुझं डोंगर फिरवणं? चहा पार निवला."

मृणालने मान वर केली नाही. तिच्या लॅपटॉपवर शेलारवाडीमागचा डोंगर काचेसारखा आरपार दिसत होता. दरड कोसळण्याच्या भीतीने गेल्या वर्षी सरकारी योजनेतून उतारावर जागोजाग 'कानखिळे' ठोकले होते. जमिनीतली बारीक थरथर हे लोखंडी खिळे ऐकत, आणि दगड कुठे घट्ट, कुठे फाटलेला, ते त्यावरून कळे. पण आलेल्या आकड्यांचा डोंगर उभा करायला सॉफ्टवेअर लागतं. विकतचं परवडणारं नव्हतं, म्हणून मृणालने फुकटातली दोन उतरवून घेतली होती. संध्याकाळच्या सभेत त्यातलं एक चित्र दाखवायचं, आणि वाडी राहणार की उठणार ते त्यावरून ठरायचं.

"हे 'घनचित्र' बघा, आत्याबाई. सगळा डोंगर हिरवा. म्हणजे घट्ट."

"मग हेच दाखव. धरणानं एकदा उठवलंय आम्हाला. पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर घ्यायला मान राहिली नाही."

"आणि हे 'थरदर्शी'."

त्याच डोंगराच्या मधोमध काळं भगदाड होतं.

सूप थांबलं. "आकडे तेच ना? मग हे भोक कुठलं?"

"राईचं. देवाच्या राईत लोखंड नको म्हणून वाडीने तिथे खिळे ठोकू दिले नाहीत. तिथलं काही माहीतच नाही, म्हणून हे काळं दाखवतं. घनचित्र आजूबाजूचं बघून अंदाजाने हिरवं भरतं."

"म्हणजे थापा मारतं."

"बिनखिळ्यांची जागा लहान असली तर त्याचा अंदाज बरोबर येतो. आपली राई लहान नाही."

अनुसयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "राईत लोखंड नको म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं होतं, ते बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलले?"

"तोंडावर दिसतंय." गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या. "सभा आठ दिवस पुढं ढकलायला सांग. अन् ठोकायचे उरलेले खिळे बाहेर काढ."

राईच्या कडेला त्यांनी चपला काढल्या. मागे अर्धी वाडी गोळा झाली. अडवलं कुणीच नाही. भांडायचं त्राणही कुणात उरलं नव्हतं. पहिला खिळा मातीत टेकवून त्यांनी हातोडा उचलला आणि तो तसाच धरून सुनेकडे वळल्या.

"घट्ट निघालं तर देवाची माफी मी मागीन. पोकळ निघालं तर एवढ्या माणसांनी जायचं कुठं, ते तुझं कुठलं सॉफ्टवेअर दाखवतंय?"