कापसात गुंडाळलेली काच

देवीदास गाविलगडच्या डोंगरातल्या एका कड्यावर निघाला होता, आणि तेही फक्त एक चित्र काढायला. त्याची बायको वच्छला सांगायची, त्या कड्यावरून माझं सगळं माहेर दिसतं, अंगणातला कडुनिंबसुद्धा. एकदा चला ना! देवीदास म्हणायचा, एवढा हंगाम होऊ दे. पण सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई पेटली होती, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि हंगाम काही संपत नव्हता. तो कापूस घेऊन मुंबईला गेला आणि मागे पटकीच्या साथीत वच्छला गेली. मुंबईत हौसेनं घेतलेला कॅमेरा घरी आणला, तेव्हा तो दाखवायला कोणी उरलं नव्हतं.

आता तिनं सांगितलेलं ते दृश्य तरी कॅमेऱ्यानं काचेवर उतरवून घरात ठेवायचं होतं. पण सामान न्यायचं कशात? सागवानी पेटी बैलाच्या पाठीवर ठीक, पण कड्याच्या वाटेनं बैल चढेना. कावडीत काचा हिंदकळल्या असत्या. घोड्याची खुर्जी पाठीवर टाकून पाहिली, तर ती एकाच बाजूला ओढायची. शेवटी वच्छलेचा भाऊ नत्थुजी यानं गोणपाटाचा थैला शिवला, खांद्यांसाठी दोन पट्टे लावले आणि आत घरचा कापूस ठासून भरला. वऱ्हाडातला माणूस नाजूक वस्तू दुसऱ्या कशात ठेवणार!

"पहाडावरून लोटून द्या भाऊजी," नत्थुजी म्हणाला, "काच फुटली तं मले सांगा."

नत्थुजीच्या गावामागची नदी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडून दोघे चढू लागले. बांबूचं रान इतकं दाट की पुढचा माणूस दिसेना. एका वळणावर अस्वलानं उकरलेली ओली माती होती. दोघे श्वास रोखून पुढे सरकले. मग उघडा खडक लागला. पाय निसटला! देवीदास पाठीवर आपटला, घरंगळला, एका मुळीला लटकला. वर येऊन त्यानं थैला उघडला. एकही काच फुटली नव्हती! नत्थुजीच्या मिशीत हसू मावेना.

कड्यावर मात्र घाईच घाई. काचेवर औषध ओतायचं, ती ओली आहे तोवरच चित्र घ्यायचं आणि लगेच सोबत आणलेल्या छोट्या काळ्या तंबूत शिरून धुवायचं. कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसत होतं, गाव वर आणि आभाळ खाली. देवीदास काळ्या कापडाखालून निघून तंबूत शिरला. चित्र उत्तम उतरलं. त्यानं ते कापसात गुंडाळलं आणि दोघे उतरायला लागले.

तेवढ्यात अवकाळी पाऊस कोसळला. नदीपर्यंत येईतो थैला भिजून धोंड्यासारखा जड झाला होता. औषधांची पेटी डोक्यावर घेतलेला नत्थुजी पुढे होता. तो पार झाला. देवीदास मधोमध पोचला आणि वरून लोंढा आला! पाय उचलले गेले. खडकावर पडताना ज्यानं वाचवलं, तोच कापूस आता पाणी पिऊन त्याला तळाशी ओढत होता. नाकातोंडात पाणी! पट्टा सोडला तर जीव वाचेल. पण त्यात चित्र होतं. वच्छलेसाठी त्यानं केलेली एवढी एकच गोष्ट होती ती! तो पुन्हा बुडाला. छाती फुटायला आली. त्यानं एक पट्टा काढला. मग दुसरा.

पाण्यानं त्याला परत कड्याच्या बाजूच्याच काठावर फेकलं. पलीकडून नत्थुजी ओरडत होता, "पानी उतरू द्या भाऊजी, मंग येतो मी तुमाले घ्याले!"

देवीदास खडकावर बसून पोरासारखा रडला. थैला कुठेच दिसत नव्हता. आता काठावर नुसतं बसवेना. मग तो उठला आणि रिकाम्या पाठीनं पुन्हा कडा चढू लागला.

वर पोचला तेव्हा पाऊस उघडला होता आणि ऊन कलत होतं. खाली गाव सुलट दिसत होतं. चुलींचा धूर निघत होता, वाटेनं गुरं परतत होती. मघाशी तो इथेच उभा होता, पण डोळे औषधात आणि काचेत होते. त्यानं सावकाश एकेक घर पाहिलं. नत्थुजीच्या अंगणात एक हिरवा ठिपका होता.

"दिसला गं तुझा कडुनिंब," तो म्हणाला.

ऐकायला कड्यावर दुसरं कोणी नव्हतं.