डोळे मिटून ऐका

"वन्सं, मुंगी पाठमोरी असली की हाकेला वळत नाही हो. एकदा कान दाखवून घ्या."

वहिनीने इस्त्री करता करता हे सांगितलं, आणि मी ते हसण्यावारी नेलं. खरं तर मुलगी साधी शिंकली तरी डॉक्टरांना फोन लावणारी बाई मी. पण कान? सहा वर्षांची माझी मुंगी बोलते, हसते, विचारलं की मान डोलावते. तंद्रीत असते, एवढंच.

"माझ्यावर गेलीय," मी म्हणाले.

"तुम्ही निदान दुसऱ्या हाकेला तरी वळता," वहिनी म्हणाली आणि तिने पुढचा शर्ट ओढला.

मी तेव्हा नवऱ्यापासून रीतसर वेगळी होऊन मुंगीला घेऊन दादा-वहिनीकडे राहत होते. नवी नोकरी लागली होती. काम अभ्यासक्रम तयार करण्याचं. एकच पाठ सहा वर्षांच्या पोरालाही झेपला पाहिजे, चाळिशीत अक्षरं गिरवायला आलेल्या बाईलाही, आणि बाकावर दोन मिनिटं बूड न टेकणाऱ्यालाही.

पहिल्याच दिवशी मी चुकून भलत्या खोलीचं दार ढकललं... आणि उंबऱ्यातच थिजले. बालवर्गाच्या इवल्या खुर्चीत एक उंचापुरा माणूस अडकून बसला होता, गुडघे थेट कानांपाशी. माझ्याकडे बघून त्याने करंगळी वर केली.

"बाई, जाऊ?"

मी मागे वळून दारावरची पाटी वाचायला लागले.

"तुम्ही 'जा' म्हणायचं असतं," तो हळूच म्हणाला. "नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला निस्तरावं लागतं."

हे मास्तर – ऑफिसात सगळे त्यांना तेच म्हणत. आमच्याकडची रीतच तशी होती. पाठ लिहिणाऱ्याने उभं राहून तो शिकवायचा, आणि मास्तरांनी समोर विद्यार्थी होऊन बसायचं. कधी चुळबुळ्या पोरगा, कधी चष्मा घरी विसरलेले आजोबा. नियम एकच – विद्यार्थी कारण सांगणार नाही. त्याचं कुठे अडतंय, ते लिहिणाऱ्याने स्वतः हुडकायचं.

मी हुडकत राहिले... आणि हळूहळू पाठापेक्षा विद्यार्थ्याकडेच जास्त बघू लागले. आजोबा झाल्यावर ते खडू थरथरत्या हाताने धरत. चुळबुळ्या झाले की माझ्या ओढणीचं टोक बाकाला बांधून ठेवत.

"मास्तर, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?"

"हस्तकौशल्यात. गाठ चांगली जमलीय की नाही, सांगा."

चांगलीच जमली होती. संध्याकाळी सुटता सुटेना. घरी वहिनी विचारी, "वन्सं, पाठ रोज एवढा लांबतो? विद्यार्थी ढ आहे, की बाईंनाच सोडवत नाही?"

वहिनी माहेरी गेली तेव्हा दोन शनिवार मी मुंगीला ऑफिसात घेऊन गेले. ती खोलीच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसे आणि मास्तर तिच्यासमोर मांडी घालून रंग निवडून देत. माझ्या लेकीसमोर कुणी असं जमिनीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी फाईल उघडून त्यात तोंड खुपसलं.

पुढच्या सोमवारी मास्तर नवाच विद्यार्थी होऊन बसले. काहीही विचारा, गोड हसायचा आणि मान डोलवायचा. मी हसले की हा क्षणभर उशिरा हसायचा. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"तुम्हीच ठेवा."

"नंदी," मी खिदळत म्हणाले. "नंदीबैलासारखी मान डोलावतोय नुसता."

मास्तर हसले नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या आठवड्यात मी एक पाठ लिहिला, 'डोळे मिटून ऐका'. आजूबाजूचे आवाज ओळखायचे. सहापासून साठीपर्यंत कुणालाही चालेल, कागद नको, पेन्सिल नको. मी स्वतःवरच खूश होते. "मिटा डोळे," मी नंदीला म्हटलं. त्याने मान डोलावली, पण डोळे उघडेच.

"मिटा की. का नाही मिटत?"

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग मास्तरांच्याच आवाजात, अगदी हलकेच – "बाई... हा पाठ घरी एकदा मुंगीला देऊन बघाल?"

मी दिला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, नळ ठिबकत होता, शिट्टी होऊन कुकर फुसफुसत होता. ऐकण्यासारखं खूप होतं.

"डोळे मिट, मुंगे. काय काय ऐकू येतं ते सांग."

तिने मिटले. मी बोलत राहिले. तिने घाबरून डोळे उघडले आणि माझे दोन्ही गाल हातात धरले.

"आई, डोळे मिटले की तू बंद होतेस."

मी उठून कुकर बंद केला.

नळ ठिबकतच होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "याचा आवाज येतो, बाळा?" तिने थेंबाकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे... आणि गोड हसून मान डोलावली.

नंदी. माझ्या पोटच्या पोरीला मी हसत हसत नाव ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले ती बॅगही खाली न ठेवता. "तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती," मास्तर खुर्चीतून उठले. "मी डॉक्टर नाही. आणि नियम–"

"खड्ड्यात गेला तुमचा नियम. माझी मुलगी आहे ती, पाठ नाही."

त्यांनी हातातला खडू कुस्करला. "नियमाचं निमित्त होतं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही रागावून या खोलीत पुन्हा आला नसतात. मी... तेवढ्यासाठी थांबलो. थांबायला नको होतं."

आधीच सुन्न झालेल्या माणसाला अजून किती धक्के द्यावेत? राग यावा, की दुसरंच काही, मला कळेना. मी वळून निघून आले.

कानाच्या तपासणीला मी आणि वहिनी गेलो. काचेपलीकडे मोठे हेडफोन लावून मुंगी बसली होती. आवाज आला की हात वर करायचा. ती बसूनच राहिली... कितीतरी वेळ. वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. 'मी म्हटलं होतं' असं ती तेव्हाही म्हणाली नाही, त्यानंतरही कधी नाही.

काही दिवसांनी दोन्ही कानांना यंत्रं बसली. बाहेर आलो तर जिन्यापाशी मास्तर उभे. कुणी बोलावलं नव्हतं; माझ्या रजेच्या अर्जावर तारीख वाचली असणार. मुंगी त्यांच्याकडे धावली आणि एकदम थबकली.

"तुमचे बूट बोलतात," ती म्हणाली.

मास्तरांनी खाली बघितलं. बुटांची करकर. मग त्यांचा चेहराच असा झाला, की वहिनी म्हणाली, "चल गं मुंगे, आपण खाली जाऊन रस्ता काय बोलतो ते ऐकू." आणि तिला घेऊन उतरलीसुद्धा.

मी कठड्याला टेकून उभी. ते माझ्या मागे.

"एक सांगायचं होतं," मागून आवाज आला. "डोळे मिटून ऐकाल?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात बोलणारा समोर येऊन बोलतो. उजेडात. आणि काही कळलं की लगेच सांगतो – परत कधी असं थांबलात तर..."

"नाही थांबणार."

करकर करत बूट पुढे आले. ते दोन पायऱ्या खाली उतरले, तेव्हा कुठे आमचे डोळे एका पातळीत आले. आणि त्यांनी सांगितलं. तोंड माझ्याकडे करून, सावकाश, एकही शब्द न गिळता.

 माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी नंदीसारखी नुसती मान डोलावली.

तो पाठ आता पुस्तकात आहे. 'डोळे उघडे ठेवून ऐका' म्हणून. मुंगी आता मास्तरांना बाबा म्हणते आणि ते चोरपावलांनी आले तरी पकडते. आमचं झालं सुरळीत.

पण तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असेल एखादं गुणी मूल. त्रास न देणारं, सगळ्याला हसून हो म्हणणारं. आज ते खेळात रमलं असताना त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा. स्पर्श करू नका, सावली पडू देऊ नका. आणि हळूच त्याला हाक मारून बघा.