उजवीकडचं गटार

ईश्वरी सरनाईक डावीकडे वळायच्या आत समोरच्या कॉलेजची बचावपटू जोहरा बागवान तिथे जाऊन उभी असे. घाई नाही, धावपळ नाही. पाहुण्यांना आणायला स्टँडवर आधीच येऊन थांबावं तशी. ईश्वरीला पास देऊ बघणारी मैत्रीण चेंडू पायाखाली धरून वाट बघायची, कंटाळायची आणि मागे देऊन टाकायची. सामनाभर हेच चालायचं.

कोल्हापुरात फुटबॉलवरून शेजाऱ्यांनी अबोला धरावा, असे दिवस होते. आता मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हंगामभरात अठरा सामने झाले आणि गोल झाले सात, त्यातले तीन पेनल्टीचे. भडंग संपली की लोक उठून घरी जात. फॉरवर्ड पोरी आळशी झाल्यात, असं गॅलरीतल्या जाणकारांचं मत होतं. जाणकारांची अक्कल आणि आवाज यांचं प्रमाण सगळ्या गॅलऱ्यांत सारखंच असतं.

खरं कारण बुटात होतं. तीन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या मंडळाने गुडघ्याच्या दुखापती टाळायच्या म्हणून प्रत्येकीला बुटाच्या आत घालायचे, संवेदक बसवलेले सुकतळे दिले. पाऊल कुठे दाबतं, टाच कधी उचलते, तोल कुठे झुकतो, हे सगळं ते टिपत. गुडघे खरोखर वाचले, हे कबूल करायला हवं. पण टिपलेलं टाकून देववेना, म्हणून मंडळाने त्यातून प्रत्येकीची 'चालपत्रिका' केली आणि तिच्या आधारे चालणारी 'चाहूल' ही यंत्रणा सगळ्या संघांना वाटली. मैदानाभोवतीचे कॅमेरे फॉरवर्डची हालचाल चालपत्रिकेशी ताडून बघत. ती वळायच्या अर्धा सेकंद आधी बचाव करणारीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवलेल्या रुपयाएवढ्या चकत्यांपैकी एक टिचकी देई. ज्या खांद्यावर टिचकी, त्या बाजूला जायचं. नुसती हूल असली तर टिचकी बसतच नसे. हूल देताना माणूस पूर्ण वजन टाकत नाही, आणि सुकतळ्याला ते कळतं.

अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी मंडळाचे तंत्रज्ञ डॉ. संकपाळ ईश्वरीच्या कॉलेजात आले आणि त्यांनी तिची चालपत्रिका पडद्यावर उघडली. शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा ती डावीकडे जात होती. उरलेल्या नऊ वेळा उजवीकडे जाण्याआधी ती श्वास रोखत होती. असं का, ते मात्र यंत्रणेला सांगता येत नव्हतं.

"उजवीकडं गटार हुतं, सर," ईश्वरी म्हणाली.

ती आणि जोहरा एकाच बोळात खेळून वाढल्या होत्या. चेंडू गटारात घालणारीनेच तो हाताने काढायचा, हा बोळाचा कायदा. आठ वर्षांची असताना ईश्वरीने तो एकदा काढला. मग आईने तिला दाराबाहेर उभं करून तीन बादल्या पाणी ओतलं. त्या दिवसापासून तिने उजवी बाजू सोडली. बोळ सुटला, कॉलेज आलं, मैदान मोठं झालं, पण गटार पायांतून गेलं नाही. संकपाळांना ही गोष्ट फार आवडली आणि त्यांनी ती लिहून घेतली. ईश्वरीला आपण बोललो याचा पश्चात्ताप झाला.

ते आले होते वेगळ्याच कामाला. आता फॉरवर्डनाही चकती मिळणार होती. कधी आणि कुठे वळायचं ते तीच सांगणार होती. प्रत्येकीच्या नावापुढे 'मोकळीक' नावाचा एक आकडा असे: बचावातून ती शंभरात किती वेळा सुटली. ईश्वरीचा आकडा होता चार. मंडळाच्या निवड संघात जायला दहा लागत, आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. चकतीने आकडा वीसवर जाईल, असं संकपाळ म्हणाले.

प्रशिक्षक घोरपडे मॅडम वाईट नव्हत्या. त्या स्वतः खेळलेल्या होत्या आणि आपल्या कॉलेजची एक तरी मुलगी निवड संघाच्या यादीत जावी, एवढंच त्यांना हवं होतं. लाव गं बाई, सगळ्याच लावणार आहेत, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"मला टिचकी बसणार, मी वळणार. जोहराला टिचकी बसणार, ती वळणार," ईश्वरी म्हणाली. "मग आम्ही दोघी कशाला जायचं मैदानात? बूट तेवढे पाठवा की."

चकती तिने टेबलावरच ठेवली. आपण निवड संघावर पाणी सोडतोय, हे तिला कळत होतं, आणि जिना उतरताना तिला रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी सरावात तिच्या बुटात खडा गेला. काढायला वेळ नव्हता, म्हणून ती तशीच, पाऊल वाकडं टाकत खेळली, आणि तिला अडवणारी मुलगी सारखी भलत्याच बाजूला जाऊ लागली. सराव संपल्यावर ईश्वरीने हरभऱ्याएवढा तो खडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग सुकतळा उचलला आणि खडा त्याच्याखाली ठेवून दिला. सुकतळा घालणं सक्तीचं होतं. खड्याबद्दल नियमपुस्तकात अक्षर नव्हतं.

अंतिम सामन्यात विसाव्या मिनिटाला जोहराच्या डाव्या खांद्यावर टिचकी बसली, ती डावीकडे गेली, आणि ईश्वरी तिच्या उजवीकडून निघून गेली. गोल झाला. गॅलरीत कुणाच्या तरी हातातली भडंग सांडली.

पण उत्तरार्ध सुरू होईपर्यंत यंत्रणा खडाही शिकली. जोहरा पुन्हा आधीच जाऊन उभी राहू लागली. ईश्वरीचा तळवा सोलवटून मोजा ओला झाला होता. पंच्याऐंशीव्या मिनिटाला ती रेषेबाहेर बसली, बूट काढला आणि खडा फेकून दिला.

ती परत आत आली तेव्हा चालपत्रिकेला खड्याची ईश्वरी ठाऊक होती, जुनीही ठाऊक होती, पण आता समोर कुठली आहे ते ठरेना. जोहराच्या दोन्ही खांद्यांवर एकदम टिचक्या बसू लागल्या. ती क्षणभर गोंधळली. मग तिने दोन्ही चकत्या ओरबाडून काढल्या, गवतात टाकल्या आणि मान वर करून ईश्वरीकडे पाहिलं.

चेंडू ईश्वरीच्या पायात होता. श्वास न रोखता, सगळं वजन टाकून ती उजवीकडे गेली. जोहराने पाय घातला आणि चेंडू स्वच्छ काढून घेतला. गॅलरी उभी राहिली. कुठल्या संघासाठी, ते गॅलरीलाही सांगता आलं नसतं.

शिट्टी झाल्यावर ईश्वरीने तिला गाठलं. आपण गटाराकडे जाणार, हे जोहराला कसं कळलं, एवढंच तिला विचारायचं होतं.

"तुझं तोंडच सांगत हुतं," जोहरा म्हणाली. "तीन वर्षं मी तुझ्याकडं बघितलोच न्हाई गं. टिचकीची वाट बघत उभा ऱ्हायलो नुसता."

सामना ईश्वरीच्या कॉलेजने जिंकला. मंडळाने गोल कायम ठेवला, पण बुटातल्या अडथळ्यामुळे तिची त्या सामन्यातली मोकळीक रद्द केली. आकडा चारच राहिला. निवड संघाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. चकती काढल्याबद्दल जोहराला पुढच्या हंगामातले सहा सामने बंदी झाली. संकपाळांनी फोन करून सांगितलं, की पंच्याऐंशीव्या मिनिटापुढे यंत्रणेने 'अंदाज नाही' अशी नोंद केली आहे, पण काळजी नको, आता चेहराही वाचायला शिकवू. ते अगदी आपुलकीने बोलत होते.

ईश्वरीने सुकतळे पाकिटात घालून मंडळाला परत पाठवले, आणि रविवारी सकाळी चेंडू काखेत मारून जुन्या बोळात गेली. जोहरा आधीच आली होती. गटारावर महापालिकेने फरशी टाकून किती वर्षं झाली होती कोण जाणे. आता तिथे कुणाची तरी स्कूटर उभी होती. दोघींनी मिळून ती बाजूला सरकवली.

ईश्वरीने चेंडू पायाखाली घेतला. बोळ दोन्हीकडून सारखाच मोकळा होता. डावीकडे जाण्याचं काही कारण उरलं नव्हतं, आणि उजवीकडे न जाण्याचंही.

"गटार गेलं," ती म्हणाली. "आता सांग, मी कुठं जाईन?"

जोहरा गुडघ्यात वाकली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.