छताला बांधलेले डोळे

हे घडलंय. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची समजूत काढायची नाही.

फेब्रुवारीतला शनिवार. सकाळचे अकरा. गाव डुलूथ, मिनेसोटा. उणे वीस थंडी आणि डोळे दिपवणारं ऊन. भुताखेतांची वेळच नव्हती ती.

मी अर्ने. एकोणीस वर्षं गॅरेजची दारं बसवतोय. त्या दिवशी रॉयस दाजींकडे दाराची नवी मोटर बसवायला गेलो होतो. माझी मोठी बहीण मार्ना त्यांची बायको. ताईला जाऊन पाच आठवडे झाले होते. गॅरेजच्या उंबऱ्यावर बर्फावरून घसरली, डोकं आपटलं... असं दाजींनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"जुनी मोटर चालतेय की चांगली," मी म्हटलं.

"साखळी खडखडते. पट्ट्यावर चालणारी बसव. अजिबात आवाज नको."

"एवढा त्रास होतो आवाजाचा?"

"रोज दुपारी दोनला आपोआप सुरू होते." मग लगेच, "तू काम कर रे. फार चौकशा करतोस."

ताई दुपारी दोनलाच गेली होती.

या दाराला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन बाजूंना दोन डोळे असतात. एकातून किरण निघतो, दुसरा तो पकडतो. मध्ये मांजर आलं तरी उतरतं दार थांबतं आणि परत वर जातं. पण आमच्याकडे हिवाळ्यात डोळ्यांवर बर्फाचा भुगा बसतो, मग दार बंद व्हायचं नाव घेत नाही. अशा वेळी काही दीडशहाणे दोन्ही डोळे काढतात, समोरासमोर धरतात आणि चिकटपट्टीने वर छताला बांधून टाकतात. किरण कधी तुटतच नाही. दार आंधळं होतं, खाली कुणी पडलेलं असलं तरी उतरतच राहतं.

मी शिडीवर चढलो.

छताच्या फळीवर चिकटपट्टीचा ताजा डाग होता...

खाली बघितलं. डोळे जागेवर होते. स्क्रू मात्र कोरे करकरीत.

"दाजी, डोळे खाली कधी आणले?"

ते कॉफी ओतत होते. हात तसाच थांबला.

"पहिल्यापासून खालीच आहेत."

"पोलिसांना फोन करायच्या आधी आणलेत की नंतर?"

"ती घसरली, अर्ने."

हातात पाना होता. खोटं कशाला बोलू, त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. पण दात-ओठ खात काम पुरं केलं. नवी मोटर, नवे डोळे, डोळ्यांवरचे दोन्ही दिवे सुरू.

काम संपेपर्यंत दोन वाजले. मी बटण दाबलं.

दार आवाज न करता खाली आलं...

जमिनीपासून फूटभरावर थांबलं. परत वर गेलं.

मध्ये कुणी नव्हतं. दाराचे डोळे पुसले, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मी वाकून बघितलं. फरशीवर सगळीकडे दहिवर गोठलं होतं. फक्त दाराखाली एक पट्टा ओला होता. माणसाएवढा लांब...

तिसऱ्यांदा बटण दाबलं. दार फूटभरावर आलं आणि आवाज आला. थप्... थप्... दाराला कुणीतरी खालून तळवा मारत होतं.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"वर बांध ते डोळे," ते ओरडले. "बंद होऊ दे एकदाचं. आधी होते तसे बांध!"

आधी होते तसे.

मी हत्यारं गोळा केली. "ताईचं दार आहे," म्हटलं. "तिलाच सांगा." आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चला निघालेल्या शेजारणीने त्यांना बघितलं. दार त्यांच्या छातीवर होतं. डोळे खालीच, स्वच्छ, दिवे सुरू. पोलिसांसमोर मी काठीला हातमोजा अडकवून किरणात धरून बघितला. सात वेळा. सातही वेळा दार थांबलं आणि वर गेलं.

हातमोज्यासाठी थांबलं. दाजींसाठी नाही.

मला वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं.

पण एक गोष्ट मी पोलिसांनाही सांगितलेली नाही.

नोव्हेंबरमध्ये मी ताईकडे कॉफीला गेलो होतो. छताला बांधलेले ते डोळे मी तेव्हाच बघितले होते. शिडी शेजारीच टेकलेली होती. "खाली आणा हो, कुणाचा तरी जीव जाईल," असं हसत म्हणालो, ताईने केलेल्या लिंबाच्या दोन वड्या खाल्ल्या आणि घरी आलो. पाच मिनिटांचं काम होतं. हा माझा धंदा आहे.

दाजी गेल्यापासून माझ्या गॅरेजचं दार आपोआप उतरायचं आणि फूटभरावर थांबायचं. रोज. दुपारी दोनला.

परवापासून थांबत नाही. सरळ जमिनीला टेकतं.

मी डोळे तपासले. काठीने हातमोजा मध्ये धरला... दार थांबलं.

स्वतःचा हात मध्ये घालून बघायची हिंमत अजून झालेली नाही.