पोटाखालचा अलार्म

राज्य मुंगीवर होतं आणि डुलक्या काही सापडत नव्हता.

खरं म्हणजे हा डाव दोन मिनिटांत संपायला हवा होता. अग्निशमन केंद्राचं आवार लपायला कितीही झकास असलं, तरी आज लपणाऱ्या दोघांच्या छातीवर अलार्म बांधलेले होते. आगीत शिरलेला जवान चक्कर येऊन पडला आणि अर्धा मिनिट हलला नाही, की हा अलार्म आपोआप बोंबलायला लागतो. मग धुरात काही दिसत नसलं, तरी सोबतचे जवान आवाजाच्या रोखाने जाऊन त्याला बाहेर काढतात. केंद्रासाठी असे चाळीस अलार्म घ्यायचे होते. त्यांचे दोन नमुने आले होते, एक केशरी आणि एक काळा. मुंगीच्या आईने, म्हणजे केंद्राच्या पथकप्रमुखांनी, ते सकाळीच पोरांच्या ताब्यात दिले होते.

"दिवसभर घालून हुंदडा," ती म्हणाली होती. "पट्टे टिकतात का ते कळेल. आणि तुम्ही अर्धा मिनिट गप्प बसलात की हे ओरडतील, म्हणजे काहीतरी उपद्व्याप चाललाय हेही कळेल."

वकील लगेच सापडली. वकील म्हणजे मुंगीची शेजारीण आणि जिवलग मैत्रीण. वय बारा, पण वाद घालायला बसली की मोठ्यांना घाम फुटायचा. ती बंबामागे श्वास रोखून बसली आणि बरोबर अर्ध्या मिनिटाने तिच्या काळ्या अलार्मने आवार डोक्यावर घेतलं.

"इस्टॉप," मुंगी म्हणाली. "आता डुलक्या."

डुलक्या हा मुंगीचा मामेभाऊ, सुट्टीला आलेला. त्याच्या छातीवर केशरी अलार्म होता. पण कुठूनच काही ऐकू येईना. आवारात पंपवाले काका पंप चालू करून बघत होते, त्याची घरघर तेवढी चालली होती.

"तो हलत असणार," वकील म्हणाली. "म्हणून वाजत नाहीये."

"डुलक्या? आणि हलणार? अगं, तो गेल्या वर्षी फळ्यासमोर गणित सोडवता सोडवता उभ्याने झोपला होता."

दोघींनी बंबाखाली पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, हेल्मेटांची कपाटं उघडली. वीस मिनिटं झाली तशी मुंगीला खरोखरची काळजी वाटायला लागली. शेवटी पाइप ठेवायच्या खोलीत वकील कशाला तरी अडखळली. तो डुलक्याचा पाय होता. स्वारी कॅनव्हासच्या पाइपांच्या ढिगामागे पालथी पसरून चक्क घोरत होती.

"या खोलीत मी दोनदा डोकावले होते," मुंगी म्हणाली. तिने त्याला खांद्याला धरून उताणं केलं, आणि छातीवरचा अलार्म असा काही किंचाळला की दोघी मागे सरकल्या.

"आत्ता वाजायला लागला?" वकीलने कानांवर हात ठेवून विचारलं.

मुंगीने वाकून अलार्मवरची छोटी पट्टी पाहिली. किती वेळ वाजतोय याचा आकडा तिथे दिसायचा. अठरा मिनिटं. अठरा मिनिटं तो डुलक्याच्या पोटाखाली बोंबलत होता आणि त्या दोघी दारातून डोकावून निघून गेल्या होत्या.

तीन दिवसांपूर्वी वरच्या हॉलमध्ये दोन्ही नमुने टेबलावर ठेवून वाजवले होते. केशरी जास्त जोरात वाजला, वजनालाही हलका होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, आईनेसुद्धा. आज चार वाजता खरेदीसाहेब केशरीच्या खरेदीच्या कागदावर सही करणार होते, आणि सोमवारपासून तोच आईच्या छातीवर असणार होता.

"आई पालथी पडली तर?" ती म्हणाली. "तिला कोणी शोधायचं?"

वकीलने अलार्म बंद केला. "एकदा झालं तर साहेब योगायोग म्हणतील. दहा वेळा करून बघू. डुलक्या, ऊठ. तुला काम आहे."

"कसलं?" त्याने डोळे चोळत विचारलं.

"पडून राहायचं."

इतकं आवडीचं काम त्याला जन्मात कोणी दिलं नव्हतं. मुंगीने आवारात खडूने पाच-पाच पावलांवर रेघा मारल्या. पंपवाल्या काकांनी पंप चालू ठेवला. डुलक्या उताणा झोपला, कुशीवर झोपला, पालथा झोपला, आधी केशरी घालून आणि मग काळा घालून. उताणा असताना केशरी अलार्म फाटकापर्यंत ऐकू जात होता. पालथा असताना पाचव्या पावलावर त्याचा पत्ता नव्हता, कारण त्याची आवाजाची भोकं फक्त समोर होती आणि ती सगळी पोटाखाली दाबली जायची. काळ्याला दोन्ही बाजूंनाही भोकं होती. तो दिसायला ओबडधोबड, पण पालथ्या डुलक्याखालूनही पार जिन्यापर्यंत पोचत होता. वकीलने सगळं वहीत उतरवलं. सातव्या वेळेला डुलक्या खरंच झोपला, तेही तिने लिहिलं.

सव्वातीनला तिघं खरेदीसाहेबांच्या खोलीत उभे होते. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर शिक्का दिसला की त्यांना जगाची काळजी उरायची नाही.

"हे बघा," त्यांनी एक कागद पुढे केला. "आवाज मोजलेला आहे. शिवाय मी स्वतः ऐकलाय, याच केंद्रात, टेबलावर ठेवून. दोन दिवस कान दुखत होते माझे."

"पण टेबल पालथं पडत नाही, साहेब," वकील म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाळांनो, सुट्टी आहे, बाहेर खेळा. सकाळपासून तुमच्या दंग्यापायी एक पत्र धड लिहून झालेलं नाही."

मुंगीने वही मिटली. वहीने हा माणूस बधणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

"मग एक डाव खेळू," ती म्हणाली. "सरावाच्या शेडमध्ये डुलक्या लपेल. छातीवर तुमचा केशरी अलार्म. पाच मिनिटांत शोधलात तर आम्ही उरलेली सुट्टी या इमारतीत पाय ठेवणार नाही."

"सगळी सुट्टी?" साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सगळी."

तेवढ्यात आई एका शाळेची पाहणी करून परतली. मुंगीने तिला दारातच सगळं सांगितलं. आईने वही उभ्यानेच वाचली, शेवटचं पान दोनदा वाचलं, आणि सरावाचा मास्क काढून आणला. धुरात चाचपडायची सवय व्हावी म्हणून त्याच्या काचेवर काळा कागद चिकटवलेला असतो.

"घाला, साहेब," ती म्हणाली. "मी वेळ लावते."

बाहेर पंप सुरू झाला. आत पोती, बाकडी आणि शिड्यांच्या पसाऱ्यात डुलक्या पालथा पडला. साहेब रांगत आत शिरले. पहिल्या मिनिटाला त्यांनी बाकड्याचा पाय घट्ट धरून "सापडला" म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या मिनिटाला ते डुलक्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून पुढे गेले. चौथ्या मिनिटाला परत आले, त्याच्या शेजारच्या पोत्यावर हात टेकवून दम खाल्ला आणि उलट्या दिशेला वळले. हसणाऱ्या वकीलचं तोंड मुंगीने दाबून धरलं होतं. तिला स्वतःला अजिबात हसू येत नव्हतं.

"वेळ संपली," आई म्हणाली.

साहेबांनी मास्क काढला. घामाने त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी समोर पडलेल्या पोराकडे पाहिलं आणि ते तिथेच जमिनीवर बसले.

"मी याच्या शेजारून गेलो?"

"दोनदा," वकील म्हणाली.

"खऱ्या आगीत पाच मिनिटंही नसतात, साहेब," आई हळूच म्हणाली. "आणि चूक माझीही आहे. टेबलावरचा आवाज ऐकून मीही मान डोलावली होती. माझी माणसं आत टेबलावर नसतात, हे मला सुचायला हवं होतं."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांनी आपणहून मास्क पुन्हा चढवला. "काळा बांधा त्याला. आणि जागा बदला."

या वेळी चाळीस सेकंद लागले. साहेबांनी डुलक्याचा घोटा पकडला आणि त्यांना इतका आनंद झाला की ते सोडायलाच तयार होईनात.

चार वाजता सही झाली नाही. काळासुद्धा एका डावावर घ्यायचा नाही, असं साहेबांनीच ठरवलं. पुढचे तीन दिवस जवान पूर्ण पोशाखात, पाण्यात भिजून, शिड्यांखाली, पोत्यांखाली पालथे पडत होते आणि साहेब स्वतः मास्क लावून रांगत होते. पट्टा, बटण, आवाज या सगळ्यांत काळा खरा उतरला. शनिवारी सगळं केंद्र जमलं तेव्हा साहेबांनी काळ्याच्या खरेदीवर सही केली आणि नवा चाचणीचा कागद वाचून दाखवला. पहिलीच ओळ होती, माणूस पालथा, पंप चालू, शोधणाऱ्याचे डोळे बंद.

"ही ओळ आम्हा शहाण्या माणसांना सुचली नाही," ते म्हणाले. "ती या तिघांची आहे. इथून पुढे या केंद्रात कोणतीही वस्तू टेबलावर बघून घेतली जाणार नाही. आणि या मुलांनी उरलेल्या सुट्टीत रोज इथे यावं, अशी माझी विनंती आहे. दंगा केला तरी चालेल."

जवानांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो थांबल्यावरही मागून एक आवाज येतच राहिला. डुलक्या भिंतीला टेकून झोपला होता आणि त्याचा काळा अलार्म बोंबलत होता.

सोमवारी नवे काळे अलार्म आले. आईने पहिला आपल्या छातीवर बांधला, सरावाचा मास्क मुंगीच्या हातात दिला आणि शेडमध्ये गेली. पंप सुरू झाला. मुंगी मास्क चढवून गुडघ्यांवर बसली, काळोखात तिने कान दिले आणि आवाज आला. ती पोती ओलांडून, बाकड्याला वळसा घालून त्याच्याकडे रांगत गेली. तिच्या हाताला आधी बूट लागला, मग पाठ. आई पालथी पडली होती, एकदम निश्चल.

"इस्टॉप," मुंगी म्हणाली, आणि मास्क न काढताच तिने आईला घट्ट मिठी मारली.